घाटात गाडी तापते? पंखा बदलण्याआधी हे बघा

कसारा घाटात जुनी गाडी तापली की लगेच इलेक्ट्रिक पंखा घेऊ नका. आधी रेडिएटर साफ, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडतोय आणि पंख्याभोवतीचं श्राउड, म्हणजे हवा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं आवरण, जागेवर आहे ना, ते तपासा. श्राउड नसेल तर कुठलाही पंखा अपुराच पडतो.

क्लच फॅन, म्हणजे सिलिकॉन तेलाच्या क्लचमधून इंजिनच फिरवतं तो पंखा, असेल तर इंजिन बंद आणि थंड असताना हाताने फिरवा. थोडा अडकत फिरला तर ठीक. भिंगरीसारखा मोकळा फिरत राहिला किंवा क्लचवर तेलाचा ओघळ दिसला, तर आतलं सिलिकॉन तेल गेलंय, क्लच बदला. पाती डुगडुगत असतील तर वॉटर पंपाचं बेअरिंगही जाईल. चढावर खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं, त्यामुळे चांगला क्लच फॅन तिथे पुरतो. माझं मत, तोच ठेवा.

नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत मात्र इलेक्ट्रिक सरस. पण तो १५-२० अँपिअर खातो. जुन्या गाडीत वीज बनवणाऱ्या २२ अँपिअरच्या डायनॅमोवर हेडलाइट लावले की बॅटरी उतरणारच. आधी डायनॅमोच्या जागी जास्त वीज देणारा अल्टरनेटर बसवा, मग रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), ३० अँपिअरचा फ्यूज, ४ चौरस मिमीची वायर. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा असेल तर पंखा ९२ ला सुरू, ८७ ला बंद. रेडिएटरच्या जाळीतून टाय ओवून पंखा कधीच बांधू नका, नळ्या घासून गळतात.