आरोग्य-प्रश्नोत्तरे : दारू सोडवणाऱ्या गोळ्यांचा खर्च भरून निघतो का?

प्रश्न : माझे यजमान ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर चालक आहेत. बेळगावला दाखल करून त्यांची दारू सोडवली. आता डॉक्टरांनी अकॅम्प्रोसेटच्या दिवसाला सहा गोळ्या वर्षभर घ्यायला सांगितल्या आहेत. थोरले दीर म्हणतात, मनावर घेतले की सुटते, गोळ्यांवर पैसा कशाला घालायचा? हा खर्च पुढे भरून निघतो का? आणि दारू सोडायची स्वस्तातली गोळी त्यांना न सांगता आमटीतून दिली तर चालेल का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, दिरांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, कारण मनावर घेतल्याशिवाय दिवसाला सहा गोळ्या वर्षभर कोणी घेत नाही, पण दारू बंद झाल्यावर मागे उरणारी अस्वस्थता आणि ओढ नुसत्या निश्चयाने आवरत नाही, आणि ती कमी करणे हेच या औषधाचे काम आहे. जर्मनीत २७२ रुग्णांवर झालेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४८ आठवडे अकॅम्प्रोसेट देऊन ते थांबवले गेले. त्यानंतर आणखी ४८ आठवड्यांनी औषध घेतलेल्यांपैकी ३९ टक्के, तर औषध नसलेली गोळी घेतलेल्यांपैकी १७ टक्के लोक दारूपासून दूर होते. पुढे २००० साली तिथल्याच रुग्णांचा आजन्म हिशेब मांडला गेला, तेव्हा औषधाची किंमत धरूनही एकूण वैद्यकीय खर्च किंचित कमीच भरला, कारण दारूमुळे होणारे आजार आणि त्यांचे उपचार काही प्रमाणात टळले. तिथे इस्पितळाचे बिल विमा भरतो. आपल्याकडे ते पुष्कळदा दागिने गहाण ठेवून भरावे लागते, त्यामुळे वाचलेला पैसा घरातच राहतो.

मात्र हा फायदा सर्वांना सारखा होत नाही. अमेरिकेत १३८३ जणांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अकॅम्प्रोसेटचा गुण दिसला नाही. दिवसातून एकदा घ्यायच्या नाल्ट्रेक्झोन या दारूची ओढ कमी करणाऱ्या दुसऱ्या औषधाचा दिसला. म्हणून औषध सुरू करून चार-सहा आठवडे झाले तरी पिणे चालूच असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगून औषध बंद करावे किंवा बदलावे. त्यापुढे खर्च करणे मला पटत नाही.

स्वस्त गोळी म्हणजे डायसल्फिरम. तिच्यावर दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते आणि रक्तदाब उतरतो. हृदयविकार असल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून ती आमटीतून कधीही देऊ नये. मात्र यजमानांच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ती रोज तुमच्या समोर घेतली गेली, तर बाब वेगळी : मुंबईत १०० पुरुषांवर वर्षभर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरच्यांच्या देखरेखीखाली ती घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के लोक दारूपासून दूर राहिले, नाल्ट्रेक्झोन घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के. त्यामुळे खर्च झेपत नसेल, तर हा पर्याय पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडा. अकॅम्प्रोसेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. म्हणून मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी अजून झाली नसेल, तर तीही त्याच भेटीत करून घ्या.