एकही पुस्तक न गेलेला दिवस तक्त्यात कसा आणायचा?

प्रश्न : ताई, लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका वाचनालयात मी संध्याकाळी संगणकाचं काम बघतो. देवघेवीच्या नोंदी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आहेत. कार्यवाहांना रोजच्या देवघेवीचा तक्ता लागतो, म्हणून तारखेवर ‘ग्रुप बाय’ लावून मोजणी काढतो. पण ज्या दिवशी एकही पुस्तक गेलं नाही, ती तारीख येतच नाही. १ ते ७ सप्टेंबर २०२५ या आठवड्यात सोमवारी साप्ताहिक सुट्टी होती. शनिवारी विसर्जन मिरवणूक; दार उघडं होतं, पण एकही सभासद फिरकला नाही. तक्त्यात पाचच ओळी आल्या, एकूण १५० पुस्तकं. उरलेल्या दोन तारखांपुढे शून्य कसं आणू? — एक वाचक, पुणे

उत्तर : ग्रुप बाय फक्त असलेल्या ओळींचे गट पाडतं. शनिवारची ओळ नाही म्हणून शनिवारचा गट नाही, आणि गटच नसेल तर शून्य लिहायचं कुणापुढे? शाळेच्या हजेरीपटावर नावं आधी लिहिलेली असतात, म्हणूनच न आलेल्या मुलापुढे गैरहजेरी मांडता येते. तुमच्या तक्त्यातही तारखा आधी यायला हव्यात आणि त्या देवघेवीच्या नोंदींतून काढायच्या नाहीत.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण यात केवळ तक्ता अपुरा दिसत नाही, निष्कर्ष बदलतो. तुमच्या पाच ओळींची सरासरी काढली तर रोजची ३० पुस्तकं येतात. वाचनालय सहा दिवस उघडं होतं, म्हणजे खरी सरासरी २५. रेषेचा आलेख काढलात तर शुक्रवारच्या बिंदूपासून रविवारच्या बिंदूपर्यंत सरळ रेघ जाते आणि बघणाऱ्याला वाटतं, शनिवारीही साधारण तेवढीच पुस्तकं गेली. कोणत्या वारी किती माणसं कामाला लागतात, हे समिती असेच आलेख बघून ठरवते.

माझा सल्ला असा, की ‘दिनदर्शिका’ नावाचं एक कायमचं टेबल करा. एका दिवसाला एक ओळ. १ जानेवारी २०२० ते ३१ डिसेंबर २०२९ या दहा वर्षांच्या ओळी होतात फक्त ३,६५३. एक्सेलमध्ये तारखा खाली ओढून तिथून त्या आत घेतल्या तरी चालेल. क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या मागणीतच, तारखा तयार करायच्या असतील तर मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीपासून ‘विथ रिकर्सिव्ह’ मिळतं: पहिली तारीख द्यायची आणि शेवटची येईपर्यंत एकेक दिवस वाढवत न्यायचा. मात्र त्याला मुळात १,००० फेऱ्यांची मर्यादा असते, त्यामुळे तीन वर्षांचा तक्ता मागितलात की क्वेरी अडते. मर्यादा वाढवून घ्यावी लागते. पोस्टग्रेएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांना ‘जनरेट सिरीज’ हे तयार फंक्शन आहे. तरीही मी टेबलच सुचवते. कारण पुढे येईल.

आता ‘फ्रॉम’नंतर दिनदर्शिका लिहा आणि तिला देवघेवीचं टेबल ‘लेफ्ट जॉइन’ने जोडा. म्हणजे जुळणारी नोंद नसली तरी दिनदर्शिकेची ओळ राहते आणि देवघेवीचे रकाने नल, म्हणजे रिकामे, येतात. बहुतेक जण अडखळतात ते इथे. मोजणी ‘काउंट तारांकित’ने, म्हणजे सरसकट ओळी मोजून, केलीत तर रिकाम्या दिवसापुढे १ येईल, कारण दिनदर्शिकेची स्वतःची ओळ तिथे असतेच. म्हणून देवघेवीच्या नोंदक्रमांकाचा काउंट घ्या. तो नल असला की मोजला जात नाही आणि शून्य मिळतं. दंडाच्या रकमेसारखी बेरीज काढताना मात्र ‘सम’ शून्य देत नाही, नल देतं. तिथे नलच्या जागी दुसरी किंमत देणारं ‘कोअलेस’ लावून शून्य करून घ्या.

याहून फसवी गोष्ट ‘व्हेअर’ची, म्हणजे जोडणीनंतर ओळी गाळणाऱ्या अटीची. समजा, फक्त बालविभागाची पुस्तकं मोजायची आहेत. ‘विभाग बरोबर बाल’ ही अट व्हेअरमध्ये टाकलीत की रिकाम्या दिवसांचा विभाग नल असल्यामुळे ते दिवस पुन्हा गाळले जातात आणि लेफ्ट जॉइन केल्याचा उपयोगच राहत नाही. ती अट ‘ऑन’मध्ये, म्हणजे जोडणीच्याच अटीत, हवी. तारखांची मर्यादा दिनदर्शिकेवर लावायची, ती व्हेअरमध्ये खुशाल ठेवा.

नोंदीत तारखेसोबत वेळही असेल तर जोडताना ‘दिवसाच्या सुरुवातीपासून पुढे आणि दुसऱ्या दिवसाच्या सुरुवातीच्या आधी’ अशी अट घाला. सर्व्हरवर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठत असेल तर आपली घड्याळं साडेपाच तास पुढे असतात हे लक्षात ठेवा. दिवसभराच्या देवघेवीला त्याने फरक पडणार नाही, पण घरून ऑनलाइन पुस्तक राखून ठेवण्याची सोय असेल तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या मागण्या आदल्या दिवशी पडतात. अशाने रिकामा दिवस भरलेला दिसतो, भरलेला रिकामा.

उद्या कोथरूडला शाखा निघाली आणि शाखावार तक्ता हवा झाला तर नुसती दिनदर्शिका पुरत नाही. आधी दिनदर्शिका आणि शाखांची यादी यांचा ‘क्रॉस जॉइन’ करून प्रत्येक शाखेची प्रत्येक तारीख तयार करा आणि मग तारीख व शाखा दोन्हींवर लेफ्ट जॉइन.

आता कायमच्या टेबलाचं कारण. तुमच्या आठवड्यातली दोन शून्यं एक नाहीत. सोमवारी वाचनालय बंद होतं, शनिवारी उघडं असून कुणी आलं नाही. दिनदर्शिकेत ‘उघडं की बंद’ आणि ‘शेरा’ असे दोन रकाने ठेवा. शेऱ्यात विसर्जन मिरवणूक, पालख्यांचा मुक्काम, पावसामुळे लवकर बंद, असं जे असेल ते त्याच दिवशी लिहा. वर्षाने ते कुणालाच आठवत नाही. सरासरी काढताना फक्त उघडे दिवस धरा, तक्त्यात मात्र सगळे दाखवा आणि बंद दिवसापुढे शून्याऐवजी ‘बंद’ असं छापा.

तक्ता कार्यवाहांना देण्यापूर्वी ओळी मोजा. सप्टेंबरच्या ३० यायला हव्यात. कमी आल्या तर आधी व्हेअर तपासा.