संशोधनाची प्रश्नावली: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी नर्सिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. ग्रामीण महिलांमधील तंबाखूचे सेवन आणि उच्च रक्तदाबाविषयीची समज हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. ३२ प्रश्नांची प्रश्नावली ३० महिलांकडून भरून घेतली, तेव्हा क्रोनबाख अल्फा ०.८६ आला. प्रश्नावली आता प्रमाणित झाली, असे मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. तरीही पाच तज्ज्ञांकडून ती तपासून घेण्याची गरज आहे का?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: गरज आहे, पण तज्ज्ञांकडे जाण्याआधी आणखी एक काम करायला हवे. त्याआधी अल्फाविषयी. ली क्रोनबाख यांनी १९५१ साली मांडलेला हा गुणांक प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात एवढेच सांगतो, आणि अनेक प्रश्न मिळून एकच गोष्ट, उदाहरणार्थ चिंता किंवा उपचारांवरील विश्वास, मोजत असतील तेव्हाच त्याला अर्थ असतो. प्रश्नांची संख्या वाढली की तो वाढतो. एकच प्रश्न शब्द फिरवून चार वेळा विचारला तरीही वाढतो. त्यामुळे ०.९५ च्या पुढचा अल्फा आला, तर कोणते प्रश्न उगाच पुन्हा विचारले गेले आहेत हे शोधावे. तुमच्या प्रश्नावलीत दोन निराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. मशेरी लावणारी बाई विडीही ओढत असेल असे नाही, तेव्हा सवयींच्या प्रश्नांची उत्तरे आपसांत जुळावीत अशी अपेक्षाच चुकीची आहे. तो भाग अल्फातून वगळा. रक्तदाबाविषयीच्या समजेचे प्रश्न बरोबर-चूक स्वरूपाचे असतील, तर तेवढ्यांसाठी कुडर आणि रिचर्डसन यांचे २० क्रमांकाचे सूत्र वापरा. ते अल्फाचेच साधे रूप आहे.

खरा प्रश्न वैधतेचा, म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाते का याचा, आहे आणि तुमच्या विषयात तो विशेष अवघड आहे. ‘तुम्ही तंबाखूचे सेवन करता का?’ या प्रश्नाला मशेरी लावणारी बाई ‘नाही’ म्हणते, आणि ती खोटे बोलत नसते. तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजून, कुस्करून केलेली पूड ती सकाळी बोटावर घेऊन दातांना घासते, जेवणानंतर पुन्हा घेते, काम संपल्यावर आणखी एकदा घेते. तिच्या लेखी हे दात घासणे आहे, व्यसन नव्हे. पंधरा दिवसांनी तुम्ही तोच प्रश्न घेऊन गेलात तरी ती ‘नाही’च म्हणेल. म्हणजे विश्वसनीयता उत्तम आणि उत्तर चुकीचे, आणि अल्फाचा कोणताही आकडा ही चूक दाखवून देणार नाही. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातील २००९-१० आणि २०१६-१७ या दोन्ही फेऱ्यांत धूरविरहित तंबाखूचे प्रकार एकेक करून विचारले गेले, ते याच कारणासाठी. तुम्हीही मशेरी, तंबाखू-चुना, तंबाखूचे पान, गुटखा आणि विडी यांची नावे घेऊन स्वतंत्र प्रश्न विचारा, आणि मशेरीचा प्रश्न ‘दात कशाने घासता?’ या प्रश्नाला जोडून ठेवा.

तज्ज्ञांआधी करायचे काम ते हेच: तुमच्या अभ्यासगटासारख्याच, पण मुख्य नमुन्यात नसलेल्या आठ-दहा महिलांसोबत एकेक प्रश्न घेऊन बसा. प्रश्न वाचा, उत्तर येऊ द्या आणि मग विचारा, ‘हे सांगताना तुमच्या मनात काय होते?’ किंवा ‘मी नेमके काय विचारले, ते तुमच्या शब्दांत सांगता का?’ शेजारी सासू किंवा नवरा बसलेला असेल तर उत्तर बदलते का, हेही याच वेळी कळते, आणि मुलाखत कुठे घ्यायची हे त्यावरून ठरवता येते. या कामाला दोन-तीन दिवस लागतात. माझ्या मते प्रबंधातील सर्वांत मोलाचे दिवस हेच. दुर्दैवाने वेळ कमी पडला की पहिली कात्री यांनाच लागते.

त्यानंतर तज्ज्ञ. प्रत्येक प्रश्न आवश्यक आहे का हे तज्ज्ञांना विचारून गुणोत्तर काढण्याची पद्धत लॉशे यांनी १९७५ मध्ये मांडली. त्यांच्या तक्त्याप्रमाणे पाचच तज्ज्ञ असतील तर पाचही जणांनी प्रश्न आवश्यक ठरवायला हवा, त्यामुळे आठ-दहा जण मिळाले तर बरे. त्यांत गावात काम करणारी एखादी आशा किंवा एएनएम (उपकेंद्रातील परिचारिका) जरूर असू द्या, कारण प्राध्यापकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट तिच्या चटकन लक्षात येते.

सवयींच्या प्रश्नांची विश्वसनीयता पुनर्चाचणीने पाहावी: त्याच महिलांना साधारण दोन आठवड्यांनी तेच प्रश्न विचारावेत. मात्र ‘९१ टक्के उत्तरे जुळली’ असे लिहून थांबू नका. ९५ टक्के महिला ‘गुटखा खात नाही’ असे सांगत असतील, तर दोन्ही वेळची उत्तरे केवळ योगायोगानेही सुमारे ९०.५ टक्के जुळतात. हा योगायोग वजा करण्यासाठीच कोहेन यांचा १९६० चा कप्पा गुणांक आहे. उत्तरे इतकी एकतर्फी असतील तेव्हा कप्पा फार खाली येऊ शकतो, म्हणून टक्केवारी आणि कप्पा दोन्ही छापावेत.

आणखी एक. ‘तुम्हाला बीपी आहे का?’ हा प्रश्न ठेवलात, तर तो आजार मोजणार नाही. कधी तपासणी झाली आहे का, एवढेच मोजेल. गडचिरोलीतील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० महिलांची तपासणी केली आणि निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांतील ५५ टक्के महिलांना स्त्रीरोगविषयक तक्रारी होत्या, तपासणीत मात्र ९२ टक्के महिलांना एक किंवा अधिक आजार आढळले, आणि आधी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या महिला केवळ ८ टक्के होत्या. तक्रारी विचारून अभ्यास थांबला असता, तर आजारी महिलांचा एक मोठा गट निरोगी म्हणून नोंदला गेला असता. म्हणून ज्यांना प्रश्न विचाराल, त्यांच्यापैकी निदान काहींचा रक्तदाब यंत्राने मोजा आणि उत्तराशी ताडून पाहा.

प्रश्न: नैराश्याच्या पाहणीसाठी आम्ही पीएचक्यू-९ वापरणार आहोत. चार पर्याय समजावताना वेळ जातो. फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ ठेवले तर चालेल का?
— एक वैद्यकीय अधिकारी, लातूर

उत्तर: चालणार नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मापनात नऊ प्रश्नांना प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७, आणि १० हा रूढ छेदबिंदू आहे, म्हणजे तेवढे किंवा अधिक गुण आले की नैराश्याची शक्यता धरतात. पर्याय बदलले की छेदबिंदूचा आधार जातो आणि इतर अभ्यासांशी तुलनाही करता येत नाही. पर्याय समजावण्यासाठी दोन आठवड्यांचे चौदा चौकोन असलेले कार्ड हाती द्या आणि किती दिवस त्रास झाला ते त्यावर दाखवायला सांगा. पण असे कार्ड वापरल्याची नोंद अहवालात करा. भाषांतर स्वतः करण्याआधी तपासलेले मराठी रूप मिळते का ते पाहा. न मिळाल्यास दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करावे, आणि मूळ प्रश्न न पाहिलेल्या तिसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत करावे.

याहून गंभीर बाब नवव्या प्रश्नाची आहे. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. असे विचार येतात असे कोणी सांगितले, तर सर्वेक्षक त्याच क्षणी काय करणार, कोणाला फोन करणार, त्या माणसाला त्याच दिवशी कोण भेटणार, हे पहिल्या मुलाखतीच्या आधी लेखी ठरलेले हवे. ही व्यवस्था नसेल, तर पाहणी सुरू करू नका.

प्रश्न: आजारपणाविषयी विचारताना किती मागचा काळ धरावा?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: घटना किती ठसठशीत आहे यावर ते ठरते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आरोग्यविषयक फेरीत साध्या आजारासाठी मागचे १५ दिवस, तर रुग्णालयात दाखल होण्यासाठी ३६५ दिवस विचारले जातात. सर्दी-ताप महिन्याभरात विसरला जातो, शस्त्रक्रिया विसरली जात नाही. वर्षभराचे विचारायचे झाल्यास तारखांऐवजी लोकांच्या लक्षात राहणाऱ्या खुणा वापरा: कोकणात ‘गेल्या गणपतीपासून आजपर्यंत’ असे विचारले की काळाची हद्द पक्की होते, आणि त्याआधीची घटना चुकून आत ओढली जाण्याचा धोका कमी होतो. मात्र गणपतीची तारीख दरवर्षी सरकते, म्हणून काळ नेमका किती दिवसांचा झाला, ते प्रत्येक अर्जावर लिहून ठेवा.