घरातल्या धुळीत कीटकनाशक किती, हे मोजता येतं का?

तुमचा प्रश्न असा: जालन्याकडे कपाशीची शेती, फवारणीचा पंप ओसरीत, घरात रांगतं लेकरू, धूळ तपासून काही कळेल का?

कळतं. शेतात ऊन-पाऊस औषधाचं विघटन करतात, घरात ते दोन्ही नाहीत, म्हणून ते धुळीत जास्त टिकतं. फक्त 'सगळी केमिकल तपासा' असं सांगून प्रयोगशाळेत जाऊ नका. फवारलेल्या औषधांची नावं द्या. कीटकनाशक जीसी-एमएस किंवा एलसी-एमएसवर मोजतात; ही मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणारी यंत्रं. धुळीत जुन्या रंगातलं शिसंही असू शकतं; ते आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्रावर मोजतात. धूळ कोरड्या केरसुणीने गोळा करून काचेच्या बरणीत भरा; प्लास्टिकमधली रसायनं नमुन्यात उतरू शकतात. प्रयोगशाळेत ती चाळून बारीक भागच घेतात, कारण हाताला तोच चिकटतो. फरशी असेल तर मोजलेली जागा ओल्या कापडाने पुसूनही नमुना घेतात. सारवलेल्या जमिनीवर ही पद्धत फसते, मातीच निघत राहते.

आकडा आला की पोटात किती जातं ते काढायचं. समजा एक ग्रॅम धुळीत १०० मायक्रोग्रॅम शिसं आहे. लहान मूल दिवसाला साधारण ३० मिलिग्रॅम धूळ गिळतं असं धरतात. म्हणजे ३ मायक्रोग्रॅम. वजन १२ किलो असेल तर किलोमागे ०.२५. हा अंदाजच, शरीरात खरंच किती आहे ते शिशाच्या बाबतीत रक्ततपासणी सांगते.

घर जुनं असेल तर दारं-खिडक्यांच्या पोपड्यांकडे आधी बघा. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. आणि पंप आजच गोठ्याकडे नाही, वेगळ्या कुलूपबंद खोलीत हलवा. त्याला रिपोर्टची वाट कशाला?