गेममधला कंटाळा माणसाला चीटिंगकडे ढकलतो का?

तुम्ही विचारलंय की गेममधला रटाळ भाग लोकांना चीटिंगकडे ढकलतो, की ज्याला चीट करायचंय तो करणारच? दोन्ही प्रकारचे लोक असतात. पण पहिला प्रकार बघायचा असेल तर पोकेमॉन या गेममधल्या, पाळलेले काल्पनिक प्राणी (तेही पोकेमॉनच) लढवायच्या स्पर्धात्मक लढती बघा. तिथे चीट करून ताकद मिळत नाही, फक्त वेळ वाचतो.

प्रत्येक पोकेमॉनचे सहा स्टॅट, म्हणजे वेग, हल्ला, बचाव असे गुण, असतात आणि प्रत्येक स्टॅटमागे जन्मतःच ० ते ३१ पैकी एक छुपा आकडा असतो. खेळणारे त्याला आयव्ही म्हणतात. नुसत्या नशिबावर सोडलं तर सहाही ३१ यायची शक्यता सुमारे १०७ कोटींत एक. वर स्टॅट थोडे वर-खाली करणाऱ्या २५ स्वभावांतला हवा तोच यायला पाहिजे. मग चांगली जोडी लावायची, अंडी घ्यायची, ती फुटेपर्यंत गेममधल्या सायकलवर येरझाऱ्या घालायच्या, निघालेलं पिल्लू नापास करायचं आणि पुन्हा अंडी. हे झालं एकाचं. टीमला सहा लागतात. आणि लढून बघितल्यावर कळतं की टीमच बदलायला हवी! लेजंडरी, म्हणजे दुर्मिळ आणि बलाढ्य पोकेमॉन, तर अंडीही देत नाहीत. आधी सेव्ह करा, पकडा, आकडे बघा, पटले नाहीत तर गेम बंद करून पुन्हा सुरू. मी या येरझाऱ्या पॉडकास्ट ऐकत घातल्यात. खेळताना करमणुकीसाठी दुसरं काही लावावं लागतं, यातच सगळं आलं.

सेव्ह फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरनं हाच पोकेमॉन काही मिनिटांत बनतो. आकडे नियमात बसणारे ठेवले, तर लढतीत तो अंड्यातून काढलेल्यापेक्षा कणभरही सरस नसतो. नेमबाजीच्या गेममध्ये एमबॉट (आपोआप नेम धरणारं सॉफ्टवेअर) लावणारा समोरच्याचा डाव चोरतो. हा फक्त मेहनतीला टांग मारतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये योकोहामाच्या जागतिक स्पर्धेत काही खेळाडू अशाच पोकेमॉनमुळे तपासणीत बाद झाले. माझ्या मते ते योग्यच झालं, असे बनवलेले पोकेमॉन चालत नाहीत हा नियम सगळ्यांना माहीत होता. पण असा पोकेमॉन वापरून कुणाला डावपेच येत नाहीत, हेही लक्षात घ्या.

कंपनीनं ही कटकट हळूहळू कमी केली आहे. २०१३ च्या एक्स-वाय या गेमपासून ‘डेस्टिनी नॉट’ या वस्तूमुळे आईबापांचे पाच आकडे पिल्लाकडे जायला लागले. २०१६ च्या सन-मूनमध्ये बाटलीची झाकणं देऊन स्टॅट वाढवायची सोय आली, पण लेव्हल १०० गाठल्यावरच. २०२२ च्या स्कार्लेट-व्हायलेटमध्ये ती अट ५० वर आली. मधे २०१९ मध्ये स्वभावाचा स्टॅटवरचा परिणाम बदलणारे मिंट आले आणि स्वभावाची डोकेदुखी मिटली. तरी एक फट राहिलीच. झाकणानं स्टॅट वाढतो, कमी होत नाही. ‘ट्रिक रूम’ चालीत सर्वांत मंद असलेला आधी वार करतो, म्हणून तिथे वेगाचा आकडा शून्य हवा असतो, आणि त्यासाठी पुन्हा अंडी नाहीतर नशीब.

म्हणून सगळंच रटाळ काम वाईट, असं मात्र नाही. शायनी, म्हणजे वेगळ्या रंगाचे दुर्मिळ पोकेमॉन बघा: साधारण ४०९६ मध्ये एक, फरक फक्त रंगाचा. त्यासाठी लोक महिनोन्महिने तेच तेच आनंदानं करतात आणि आयता बनवलेला शायनी त्यांना फुकटही नको असतो, कारण त्यांच्यासाठी शोधणं हाच खेळ आहे. लढायला आलेल्याला मात्र त्याचा खेळ सुरू व्हायच्या आधीच अंडी उबवायला बसवलं जातं.

अर्थात, बनावट शायनी विकणारेही आहेत. तो तुमचा दुसरा प्रकार; त्यांना कंटाळाबिंटाळा काही नाही, धंदा करायचाय.