लहान वर्गांचं विज्ञान: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळची पत्रं जवळजवळ सगळी पहिली ते तिसरीच्या विज्ञानाबद्दलच आहेत, काही शिक्षकांची, काही आईबाबांची. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, म्हणून ज्यांच्यात बऱ्याच जणांचा प्रश्न येऊन जातो अशी पत्रं घेतलीत आणि थोडी आटोपशीर केलीत.

प्रश्न: नमस्कार ताई, मी दुसरीला शिकवते. तरंगणाऱ्या आणि बुडणाऱ्या वस्तू शिकवून झाल्या, तक्ता झाला, मुलांना तो तोंडपाठ आहे. पण तक्त्याबाहेरची वस्तू हातात घेतली की सगळे एका सुरात "जड आहे, बुडणार" नाहीतर "हलकी आहे, तरंगणार". असं नसतं म्हणून किती वेळा सांगितलं तरी तेच. आता घनता सांगून टाकू का?

उत्तर: घनता नको, निदान आत्ता तरी अजिबात नको. घनतेसाठी वस्तुमान आणि आकारमान दोन्ही एकाच वेळी डोक्यात धरून त्यांची एकमेकांशी सांगड घालावी लागते आणि सात वर्षांच्या मुलाला ते फार जड जातं. जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग तुम्ही डीएडला वाचला असेल, पसरट ग्लासातलं पाणी मुलासमोरच उंच निमुळत्या ग्लासात ओतलं तरी पाच-सहा वर्षांचं मूल म्हणतं पाणी वाढलं, कारण त्याची नजर उंचीवर अडकते, रुंदी कमी झालीये हे ते हिशेबातच घेत नाही. 'जड ते बुडतं' हेही तसंच, एकाच गोष्टीकडे बघून बांधलेला अंदाज, आणि तो काही वेडगळ अंदाज नाहीये हं, दगड बुडतो, वाळकं पान तरंगतं, मुलाच्या अनुभवात तो बऱ्याचदा खरा ठरलेला असतो. त्यामुळे तुम्ही नुसतं सांगून तो जाणार नाही, त्याला खोटं पाडणारी वस्तू मुलाच्या स्वतःच्या हातात यायला हवी.

एक जाडजूड मेणबत्ती घ्या, एक टाचणी, खेळायच्या क्लेचा एक गोळा आणि आरपार दिसेल असं पाण्याचं भांडं. मेणबत्ती एका हातात आणि टाचणी दुसऱ्या हातात देऊन प्रत्येकाला वजन बघू द्या, आणि पाण्यात काहीही टाकायच्या आधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत चित्र काढून नोंदवायचा. ही पायरी गाळू नका प्लीज, अंदाज नोंदवला नाही तर मूल नुसतं बघतं आणि नंतर म्हणतं मला माहीतच होतं. मग मेणबत्ती सोडा, ती तरंगते. टाचणी टोकाकडून सोडा, ती सरळ तळाला जाते (अलगद आडवी ठेवलीत तर पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याचा वरचा थर ताणलेल्या पडद्यासारखा वागतो त्यामुळे, पाण्यावरच टिकू शकते आणि मग सगळाच घोळ होतो, म्हणून टोकाकडूनच).

आता वर्गात चुळबुळ सुरू होईल आणि कुणीतरी म्हणेल, "टीचर, मेणबत्ती लांब आहे ना म्हणून." हेच तर आपल्याला हवं होतं! मुलाने स्वतःहून जुना नियम टाकून नवा काढला. तो चूक आहे असं लगेच म्हणू नका, "मग हे तपासायचं कसं?" एवढंच विचारा. कुणीतरी सुचवतंच की तुकडा करून बघू. अर्धी मेणबत्ती तरंगते, नखाएवढा तुकडाही तरंगतो. आणि क्लेचा गोळा बुडतो, त्यातला वाटाण्याएवढा तुकडाही बुडतो. म्हणजे लांबीने काही होत नाही, लहानमोठं असण्यानेही नाही, मग वस्तू कशाची बनलीये इथपर्यंत मुलं आपसूक येतात. आणि ती तिथे येऊन पोचली की तोच क्ले घ्या, कमीही नाही जास्तही नाही, त्याची पातळ, काठ वर केलेली वाटी करा आणि पाण्यात ठेवा. तरंगते. वस्तू तीच, वजन तेच, फक्त आकार बदलला.

तुमच्यासाठी कारण असं की वाटी गोळ्यापेक्षा खूप जास्त पाणी बाजूला सारते आणि जेवढं पाणी बाजूला सारलं जातं तेवढ्याच पाण्याच्या वजनाइतकं बळ वस्तूला वर ढकलतं. मुलांना हे वाक्य देऊ नका, त्याऐवजी झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली हाताने पाण्यात खाली दाबायला सांगा. पाणी हाताला परत वर ढकलतंय हे ज्याला एकदा जाणवलं त्याला मोठ्या वर्गात आर्किमिडीजचा सिद्धांत परका वाटत नाही. दुसरीच्या शेवटी मूल "नुसतं वजन बघून सांगता येत नाही, कशाचं आहे आणि आकार कसा आहे तेपण बघायला लागतं" असं आपल्या शब्दांत म्हणालं तर तुमचं काम झालं.

प्रश्न: वर्गात खूप मुलं, तास छोटा, प्रयोगशाळा नाही. प्रयोग करायला घेतला की पुढची चार मुलं करतात आणि बाकीची गोंधळ घालतात. मग मी वाचूनच घेतो. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर: आहे सर, आणि त्यासाठी सामानही फारसं लागत नाही. असा प्रयोग निवडा ज्यात हाताने करायचं अगदी थोडं आहे पण डोकं सगळ्यांचं चालतं. माझा सगळ्यात आवडता म्हणजे बर्फ आणि स्वेटर. सारख्या आकाराचे दोन बर्फाचे खडे, प्रत्येकी एका छोट्या पिशवीत, एक उघडा ठेवायचा आणि एक स्वेटरमध्ये गुंडाळायचा. आधी कुठला वितळेल? हात वर करून मतदान घ्या, फळ्यावर आकडे लिहा. बहुतेक मुलं म्हणतात स्वेटरमधला, कारण स्वेटर गरम असतो ना. मग खडे बाजूला ठेवून तुमचा नेहमीचा धडा सुरू करा आणि अधूनमधून दोन वेगवेगळ्या मुलांना बघून यायला पाठवा, त्यांनी येऊन फक्त काय दिसलं ते सांगायचं, का ते नाही. तासाच्या शेवटी उघडा खडा बराचसा वितळलेला असतो आणि स्वेटरमधला त्या मानाने चांगला मोठा उरलेला असतो. स्वेटर स्वतः उष्णता तयार करत नाही, उष्णता आरपार जाणं मंदावतो, आपल्या अंगाची आत ठेवतो आणि बर्फाच्या बाबतीत बाहेरची आत येऊ देत नाही. मुलांना पटत नसेल तर घडी घातलेल्या स्वेटरमध्ये थर्मामीटर तासभर ठेवून बघा, तो खोलीचंच तापमान दाखवतो.

गोंधळाचं म्हणाल तर गटात प्रत्येकाला काम ठरवून द्या, एक जण सामान आणणार, एक जण हात लावणार, एक जण चित्र काढणार, एक जण वर्गाला सांगणार, आणि पुढच्या वेळी कामं बदलायची.

आणखी एक गोष्ट जी मला सामानापेक्षाही महत्त्वाची वाटते. प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रोव्ह या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांचं रेकॉर्डिंग तपासलं तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. तोच वेळ ३ सेकंद किंवा जास्त केला तर मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं बोलायला लागली आणि मुलं स्वतः प्रश्न विचारायला लागली. ३ सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत पण वर्गासमोर उभं राहिल्यावर फार लांब वाटतात, मनातल्या मनात मोजा. आणि मुलाचं बोलणं संपल्यावरही तेवढंच थांबा, बरेचदा खरी गंमत त्याच्या दुसऱ्या वाक्यात असते.

प्रश्न: मुलीने शाळेसाठी घेवड्याच्या बिया दोन कपांत लावल्या, एक खिडकीत आणि एक बंद कपाटात. कपाटातलं रोप खिडकीतल्यापेक्षा चांगलंच उंच झालं! आता ती म्हणते झाडांना उजेड नको असतो, अंधारच आवडतो. पुस्तकात तर उलटं आहे. शाळेत काय लिहून द्यायचं?

उत्तर: जे दिसलं तेच लिहून द्यायचं. पुस्तकाशी जुळत नाही म्हणून निरीक्षण बदलायचं हे तिने या वयात शिकू नये अशी माझी अगदी मनापासून विनंती आहे. तुमच्या मुलीचा प्रयोग फसलेला नाही, उत्तम झालाय, फक्त तिने एकच गोष्ट मोजली, उंची. आता दोन्ही कप शेजारी ठेवा आणि तिला विचारा आणखी काय काय वेगळं दिसतंय. कपाटातलं रोप फिकट पिवळसर असेल, खोड बारीक आणि लुळं, दोन पानांमधलं अंतर जास्त, पानं छोटी आणि नीट न उलगडलेली. खिडकीतलं बुटकं पण हिरवंगार आणि ताठ. चित्र काढायला सांगा, रंगासकट, कारण रंग भरताना मूल आपोआप जास्त बारकाईने बघतं.

होतं असं की घेवड्याच्या बीला रुजायला उजेड लागतच नाही, पाणी, हवा आणि ऊब पुरते. सुरुवातीचं अन्न बीच्या दोन जाड दलांमध्ये साठवलेलं असतं, त्या शिदोरीवर अंधारातलं रोप उजेड गाठायला भराभर उंच जातं. ती संपेपर्यंत उजेड मिळाला नाही तर रोप मरतं कारण अन्न तयार करायला हिरवा रंग नाही आणि उजेडही नाही. तिला ही दलं हाताने चाचपून बघू द्या, दिवसेंदिवस ती सुरकुतत जातात.

मग कपाटातला कप खिडकीत आणा, पण आणायच्या आधी अंदाज लिहून घ्या. एक-दोन दिवसांत पिवळी पानं हिरवी व्हायला लागतात. पुढच्या वेळी प्रत्येक कपात एकच बी न लावता चार-पाच लावा, एखादी बी मुळातच कमजोर निघू शकते, आणि दोन्हीकडे पाणी, माती, कप सगळं सारखं ठेवा, फक्त उजेडाचा फरक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे ज्या मुलाला आठव्या वर्षी कळलं त्याला विज्ञानातली सगळ्यात कामाची गोष्ट कळली असं मी समजते.

प्रश्न: पहिलीतल्या मुलाला सजीवांची सगळी लक्षणं पाठ आहेत पण तो म्हणतो ढग जिवंत आहे आणि झाड नाही. काळजी करू का?

उत्तर: नाही हो. या वयात बरीच मुलं 'हलतं ते जिवंत' असं धरून चालतात. व्याख्या बाजूला ठेवा, वस्तूंची चित्रं जमिनीवर पसरा आणि त्याला दोन ढीग करायला सांगा, प्रत्येक चित्राला "तुला असं का वाटलं?" विचारा. मुंगी, बी, मेणबत्तीची ज्योत, मशरूम, सायकल अशी अडचणीची चित्रं मुद्दाम घाला. महिन्याभराने तोच खेळ परत खेळा, ढीग बदललेले दिसतील.

प्रश्न: सहा वर्षांचा मुलगा रोज विचारतो रात्री सूर्य कुठे जातो. मी सांगितलं पृथ्वी गोल आहे आणि फिरते, तो हो म्हणाला, पण दुसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न.

उत्तर: तो हो म्हणाला कारण तुम्ही सांगितलंत. त्याला दिसतंय मात्र सपाट जमीन आणि सरकणारा सूर्य. वोस्नियाडू आणि ब्रूअर या संशोधकांचा १९९२ चा एक अभ्यास आहे, त्यात मुलांना पृथ्वीचा आकार विचारला तर बरीच मुलं 'गोल' म्हणाली, पण खोलात विचारल्यावर कुणाची पृथ्वी तबकडीसारखी निघाली, कुणाची पोकळ चेंडूसारखी, माणसं आत सपाट जागेवर राहतात अशी, आणि काहींच्या मते तर दोन पृथ्व्या, एक गोल आकाशातली आणि एक सपाट आपण राहतो ती. मुलं ऐकलेलं आणि पाहिलेलं जुळवायचा प्रयत्न करत असतात. म्हणून आधी त्याला पृथ्वी काढायला सांगा आणि त्यावर माणसं कुठे उभी आहेत ते दाखवायला सांगा, मग तुम्हाला कळेल त्याच्या मनात काय आहे.

मग सावली. उघड्या जागेत एक काठी रोवा आणि दर तासाला सावलीचं टोक खडूने नाहीतर छोट्या दगडाने खूण करा. दुपारपर्यंत सावली आखूड होते, मग परत लांबते, आणि दिवसभर एका बाजूकडून दुसरीकडे सरकते. सूर्याकडे सरळ बघायचं नाही, गॉगल लावूनसुद्धा नाही, हे आधी बजावा, सावलीकडे बघूनच सगळं काम होतं. त्यानंतर अंधाऱ्या खोलीत टॉर्च एका जागी ठेवा आणि एका मोठ्या चेंडूवर त्याच्या नावाचं स्टिकर लावून चेंडू त्याच्याच हातात द्या, हळूहळू फिरवू द्या. स्टिकर उजेडात आलं की सकाळ, पलीकडे गेलं की रात्र. तो फिरवत असताना तुम्ही काही समजावू नका, "आत्ता तुझ्याकडे किती वाजले असतील?" एवढंच विचारत राहा, आणि परवा परत तोच प्रश्न आला तर चेंडू परत त्याच्या हातात द्या.