केमोनंतर आईचा चालताना तोल जातो. हातात काठी दिली तर तिची सवय लागेल का?

‘सवय लागेल का’ एवढंच वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. हा प्रश्न आमचा दादा मला तीन वर्षं विचारतोय. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

तुम्ही लिहिलंय की आईला स्तनाचा कॅन्सर होता, पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध संपून आठ महिने झाले, रिपोर्ट चांगले आहेत, पण तळपाय बधिर आहेत, अंधार पडला की ती भिंतीला धरून चालते, आणि घरचे म्हणतात काठी देऊ नका, सवय लागेल. लागू दे की. मला लागलीय. त्यात काय बिघडलं ते मला अजून कळायचंय.

मी एसटीत कंडक्टर होतो, २३ वर्षं. त्यातली बरीचशी वाई-पाचगणी-महाबळेश्वर. पसरणी घाटात भरलेल्या गाडीत दांडी न धरता तिकीट फाडायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. एका हातात पैसे, दुसऱ्यात पंच, खांद्याला बॅग, आणि वळणावर अख्खी गाडी एका अंगाला. नवीन पोरं सीटला मांडी टेकवून उभी राहायची. मी गुडघे जरा ढिले सोडायचो आणि बाकी सगळं तळपायावर सोपवायचो. गियर पडला की टाचेला कळायचं. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर गेला की चवड्याला कळायचं, गाडीला झटका बसायच्या आधी. रात्रीच्या गाडीला डोळे मिटून कुठलं वळण आलं ते सांगायचो, त्यावर दोन ड्रायव्हर माझ्याकडे चहाच्या पैजा हरलेत. डबल बेल मारून चालत्या गाडीत मागच्या दारापासून केबिनपर्यंत कुठेही न धरता जायचो. हे मी बढाई म्हणून सांगतोय, कबूल. आता मला संडासापर्यंत जाताना दिवा लागतो.

दुसरी सवय तंबाखूची होती, आणि ती खरोखर सोडायची सवय होती, पण तेव्हा दादाला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण आम्ही दोघं एकाच पुडीतली खायचो. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा, मग तोंड पुरतं उघडेना, मग जखम. ऑपरेशनमध्ये गालाचा आतला भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीचं मांस गालाला लावलं. पुढे सहा आठवड्यांत ३० लाईट, म्हणजे रेडिएशन, आणि सोबत सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचे तीन डोस, २१ दिवसांच्या अंतराने. कॅन्सर गेला. ते औषध आणि ते डॉक्टर नसते तर मी हे लिहायला नसतो. हे आधी नोंदवतो, कारण पुढे कुरकुर आहे.

दुसऱ्या डोसनंतर कानात शिट्टी सुरू झाली आणि बारीक, चढे आवाज जायला लागले. अंगणातले रातकिडे गप्प झाले आणि डोक्यातले सुरू झाले. पायांना मात्र डोस चालू असेपर्यंत फारसं काही नव्हतं. संपल्यावर दोन-अडीच महिन्यांनी मुंग्या, मग मोजे घातल्यासारखं वाटायचं, मग तेही वाटेना. मला वाटलं आजार परतला. नंतर समजलं की सिस्प्लॅटिनसारख्या प्लॅटिनमच्या औषधांचं असंच असतं, बंद केल्यावरही काही महिने बधिरपणा वाढत जातो. एवढं एक वाक्य कुणी डिस्चार्जच्या दिवशी सांगितलं असतं तर बायकोच्या चार रात्री झोपेत गेल्या असत्या.

एकदा वाण्याकडे गेलो. तो म्हणाला, दुसरी चप्पल कुठाय? खाली बघतो तर एकाच पायात चप्पल. दुसरी शंभर पावलं मागे रस्त्यात पडलेली, आणि मला पत्ता नाही. वाणी हसला, मीही हसलो. घरी येऊन चपला माळ्यावर टाकल्या. तेव्हापासून मागे पट्टा असलेले सँडल.

प्लॅटिनम म्हणजे तो दागिन्यांतलाच. मुलाने वाचून सांगितलं की १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होते. जिवाणूंची वाढ होत राहिली पण विभागणी थांबली, ते नुसतेच लांबत गेले. करामत विजेची नव्हती, इलेक्ट्रोडमधून विरघळून आलेल्या प्लॅटिनमची होती. त्यातून सिस्प्लॅटिन निघालं आणि १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याचा अंश रक्तात वर्षानुवर्षं सापडतो म्हणे. आमच्या घरात कुणाच्या अंगावर गुंजभर सोनं नाही, आणि माझ्या अंगात प्लॅटिनम.

तोलाबद्दल मी डॉक्टरांना ‘चक्कर येते’ असं सांगायचो. चूक तिथेच झाली. चक्कर म्हणजे घर फिरतं. माझं घर जागच्या जागी होतं, मीच कलत होतो. पण चक्कर म्हटल्यावर चक्करच्या गोळ्या मिळाल्या आणि मी त्या सहा महिने खाल्ल्या. दिवसभर पेंग, तोल तसाच. पुढे साताऱ्याला एका फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंकडे गेलो, त्यांनी सांगितलं की या गोळ्या चार दिवसांच्या घेरीला ठीक, पण महिनोन्महिने घेतल्या तर मेंदू नव्याने तोल सांभाळायला शिकतो त्यालाच खीळ बसते. मग मूळ डॉक्टरांना विचारून त्या बंद केल्या. आईचं ‘चक्कर’ म्हणजे नेमकं काय ते आधी विचारा. फिरतं, की कलतं, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते? तिन्हींचे उपाय वेगवेगळे.

त्याच बाईंनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा, ठोकून पायाच्या अंगठ्यावर ठेवला. काही नाही. घोट्यावर ठेवला, काही नाही. नडगीवर वर गेला तेव्हा कुठे भणभण लागली. मग म्हणाल्या, पाय जुळवून उभे राहा. राहिलो. आता डोळे मिटा. मिटले, आणि दुसऱ्या सेकंदाला त्यांच्या हातांवर मागे पडलो. पसरणी घाटात डोळे मिटून वळणं सांगणारा माणूस सपाट फरशीवर दोन सेकंद टिकला नाही. त्या दिवशी मी परतीच्या गाडीत कुणाशी बोललो नाही.

त्यांनी समजावलं ते असं. तोल तीन ठिकाणांहून येतो, डोळे, आतला कान, आणि तळपाय-सांध्यांकडून मेंदूला जाणारी खबर. औषधाने माझे कान आणि पाय दोन्ही अर्धेमुर्धे करून ठेवले. “तुम्ही आता डोळ्यांवर उभे आहात,” म्हणाल्या. तेव्हा सगळा उलगडा झाला. साबणाने तोंड धुताना मोरीत पुढे का झुकतो, चालताना समोरच्या एसटीची पाटी का नाचते आणि थांबलं की का स्थिर होते, उशीत तोंड घालून उठलो की का भेलकांडतो. ही डोळे मिटायची परीक्षा जुनी आहे, एकोणिसाव्या शतकातल्या रोमबर्ग या जर्मन डॉक्टरच्या नावाची. गोळीच्या आधी कुणीतरी ती करायला हवी होती, पैसेही लागत नाहीत.

काठी मी तिथूनच घेऊन आलो. आणि इथून दादा.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. उपचारांच्या वेळी पैसे त्याने दिलेत, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सतरंजीवर झोपलाय, ते मी नाकारत नाही. पण काठी बघितली आणि म्हणाला, “बरा झालास ना? मग हे काय सोंग? सवय लागेल.” ‘बरा झालास ना’ या तीन शब्दांच्या पुढे बोलायची सोय नसते. कॅन्सर गेला म्हणजे माणूस कोरा करकरीत परत मिळाला, असं घरच्यांना वाटतं. त्यांनी तेवढं सोसलेलं असतं, त्यामुळे त्यांना तसं वाटणं समजतं. पण म्हणून खोटं खरं होत नाही.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न झालं. रिसेप्शन लॉनवर. मी काठी घेऊन गेलो तर दादाने मला गेटवरच गाठलं. मुलाकडची मंडळी पुण्याची, फोटो काढणार, “तेवढे दोन तास काठी राहू दे.” मीही राहू दिली. भांडण नको म्हणून नाही, मलाही फोटोत काठी नको होती, हे खरं. काठी पुतण्याच्या गाडीच्या डिकीत गेली.

नवरा-नवरीच्या एंट्रीला आम्हाला दोन्ही बाजूंना गुलाबाच्या पाकळ्या घेऊन उभं केलं. पायाखाली लॉन. गवत मऊ, खाली जमीन उंचसखल, म्हणजे पायांना उरलीसुरली जी खबर लागते ती गेली. आवाज एवढा की कानात नुसती शिट्टी. तरी मी उभा होतो, कारण समोर स्टेजचा उभा खांब होता आणि मी त्याच्यावर डोळे रोवले होते. आणि मग, हल्ली सगळीकडे असतं तसं, लाईट घालवले. पूर्ण काळोख, नुसता एक झोत गेटवर आणि जमिनीवरून तो गार धूर.

पडताना मला कळलंच नाही की मी पडतोय. हे लोकांना सांगून पटत नाही. खाली-वर काय ते कळायला काहीतरी शिल्लक लागतं. हाताला फुलांचा स्टँड लागला, तो धरला, तो माझ्याबरोबर आला. वर त्याचं पितळी घंगाळ, पाण्यासकट. लाईट आले तेव्हा मी ओला, अंगावर पाकळ्या, आणि कोपर फुटलेलं. मुलाकडचा एक पोरगा मला उठवत म्हणाला, “काका, जरा जास्तच झाली वाटतं.” मी म्हणालो, पाय बधिर आहेत. पण माझा गाल कापलेला. घाईत बोललो की शब्द बोबडे होतात. ते दोघं-तिघं एकमेकांकडे बघून हसले.

दादा चार पावलांवर उभा होता. त्याला सगळं माहीत होतं. तो म्हणाला, “खुर्ची द्या त्यांना, दमलेत.” बस. आजारी आहे, औषधाने पाय गेलेत, एवढं म्हणाला असता तर काय झालं असतं? पण मुलीच्या सासरच्यांपुढे कॅन्सर हा शब्द त्याला काढायचा नव्हता. प्यायलेला भाऊ त्याला परवडला. मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही, तंबाखूने माझं पुरेसं वाटोळं केलंय.

दादा हे वाचणार आहे, मुलगा त्याला पाठवणारच आहे. वाच.

आता तुमच्या आईचं. ‘कधी बरं होईल’ याचं उत्तर मला देता येणार नाही, पण पॅक्लिटॅक्सेलचा बधिरपणा सिस्प्लॅटिनपेक्षा बऱ्याचदा जास्त निवळतो, काही महिन्यांत, कधी वर्ष-दोन वर्षांत. काहींचा थोडा कायम राहतो. तिचे कान बहुधा शाबूत असतील, तेव्हा माझ्याशी तुलना करू नका, तिच्याकडे धरायला डोळे आणि कान अशा दोन खुंट्या आहेत. जळजळ किंवा दुखणं असेल तर डुलोक्सेटिन नावाची गोळी आहे, ती डॉक्टरांना विचारून. बधिरपणा घालवणारी गोळी मात्र नाही, कुणी विकत असेल तर पाकीट खिशातच ठेवा. बी-१२, साखर, थायरॉइड एकदा तपासून घ्या. ते कमी-जास्त असेल तर उगाच सगळा दोष केमोवर जातो.

व्यायाम खरा उपयोगी आहे. भिंतींच्या कोपऱ्यात पाठ करून उभं राहायचं, समोर खुर्ची, पाय जुळवून, मग एकापुढे एक. मला कानांसाठी आणखी एक दिला होता, भिंतीवर कागदावर मोठा ‘क’ काढून त्याच्यावर नजर ठेवून मान डावी-उजवी. पहिल्या आठवड्यात मळमळलं. मी अजून करतो, रोज सकाळी. लॉनवर पुन्हा उभा राहीन असं नाही, पण दिवसा भाजी आणतो.

रात्री पॅसेजमध्ये झिरोचा दिवा. मोरीत स्टूल, तोंड बसूनच धुवायचं. पाय धुवायचं पाणी आधी हाताने नाही, कोपराने बघायचं, कारण बऱ्याच जणांची बोटंही बधिर झालेली असतात. देवळात दुपारी अनवाणी फिरू देऊ नका. मला फरशीचे फोड आले ते संध्याकाळी बायकोला मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळले.

हे राहिलंच, आणि ते सगळ्यांत वर लिहायला हवं होतं: आठ महिन्यांचा बधिरपणा हळूहळू असेल तर ठीक, पण तोल अचानक बिघडला, एका बाजूची ताकद गेली, सकाळी डोकं दुखून उलट्या व्हायला लागल्या, पाठीत कळ येऊन लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी दवाखाना. मी डॉक्टर नाही, कंडक्टर आहे.

काठी घेताना आईला नेहमीच्या पादत्राणात सरळ उभं करा, हात खाली सोडलेला, मूठ मनगटाच्या घडीला आली पाहिजे. देखणी, नक्षीची, गुळगुळीत मुठीची घेऊ नका. आणि खालचं रबरी बूच दर दोन-तीन महिन्यांनी उलटं करून बघा, झिजून गुळगुळीत झालं असेल तर ओल्या फरशीवर तेच आधी घसरतं.